न दुखणारा पाय

मु. पिपरटोला, ता. सडक अर्जुनी
२० जुलै २००५

चि. सौ. सुलोचनाबाईस,
हुकुमचंदचे अ. उ. आ. इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली महिनाभर कळली नाही, म्हणून धानाच्या रोवण्याच्या घाईतही लिहायला बसलो आहे.

पाणी वेळेवर आहे. चार बांध्या रोवून झाल्या, सहा उरल्या. रूपेशने देवरीकडून बारा बाया आणल्या. त्या गाणी म्हणतात आणि रूपेश चहा पोचवून पोचवून दमतो. लेकाचे लगन लवकर उरकावे लागेल.

तुझ्या वहिनीचे दरसालचे रडगाणे सुरू आहे. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, टाचा भेगाळल्या. संध्याकाळी मेंदीचा पाला वाटून लावते आणि कण्हत बसते. मी म्हणालो, सत्यभामाबाई, तुझे पाय माहेराहूनच नाजूक आले, माझे पाहा. त्यावर म्हणते कशी, म्हशीच्या खुराचे कौतुक म्हशीलाच.

पण खरे सांगतो, या वर्षी माझे पाय पार पक्के झाले आहेत. काटा रुतला तरी पत्ता लागत नाही. परवा एक चप्पल वाटेत गळून पडली, ते घरी आल्यावर कळले. अंगठ्याखाली तळव्याला ते जुने कुरूप आहे ना, खडा आल्यासारखे लागायचे, ते लागणेही बंद झाले. तरी म्हटले, ब्याद मुळासकट काढावी. बाबा करायचे तसा बिबा दिव्यावर तापवला आणि त्याचे तेल कुरुपावर सोडले. चटका बसला नाही. बिबा जुना असेल असे वाटले, म्हणून दुसरा घेतला, मग तिसरा. जळका वास आला तेव्हा थांबलो. आता तिथे रुपयाएवढे तोंड पडले आहे, थोडे पाणी येते. पण दुखत नाही, तेव्हा काळजी नको. दिवसभर चिखलात असतो, थंडावाच मिळतो.

साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत, म्हणजे डब्यात आहेत. आठवण झाली की घेतो. नीतूला आशीर्वाद. लोभ आहे तो असाच हिरवा ठेवावा.

तुझा दादा,
हुकुमचंद

*

फुलचूर, गोंदिया
२५ जुलै २००५

ती. दादास,
सुलोचनाचा सा. न. वि. वि. पत्र पोचले. म्हशीच्या खुरापर्यंत मी मोठ्याने वाचले आणि नीतू पोट धरून हसली. पुढे चपलेवर आले तशी तिचे हसणे थांबले. बिब्यावर आले तेव्हा तिने पत्र माझ्या हातातून ओढून घेतले आणि उभ्याउभ्या पुन्हा वाचले. मला म्हणाली, आई, मामाजी कायची फुशारकी मारून राहिले, त्यांना कळते का? मलाही कळले नव्हते, दादा. तुझे पाय लहानपणापासून तसेच, मला त्यात नवल वाटले नाही.

ती दवाखान्यात तीन वर्षांपासून मलमपट्टीच्या खोलीत आहे, रोज पायच पाहते. तेव्हा पुढचा कागद तिच्याच हातचा.

मामाजी, नमस्कार. रागावू नका, पण सरळ लिहिते. मामीजींचे पाय दुखतात ही चांगली गोष्ट आहे. त्यांना सांगा, चिखलातून आल्यावर पाय धुवावे, बोटांच्या मधली जागा कोरडी पुसावी, टाचांना रात्री खोबरेल लावावे. आठवड्यात बरे होईल, नाही झाले तर डॉक्टरला दाखवावे. त्यांचे तेवढेच.

तुमचे तसे नाही. साखर वाढून वाढून पायाच्या नसा बधिर होतात. कुरूप बरे झाले नाही, ते दुखल्याची खबर वर पोचणे बंद झाले. बिब्याने तुमचे मांस जळले आणि तुम्ही बिब्यालाच जुने ठरवले. साखर असलेल्या माणसाने कुरूप घरी कापू नये, जाळू नये, नखही मांसात खोल काढू नये. जखम झाली तर दुखण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. सूज, गरमपणा, काळेपणा, वास, यातले एकही दिसले तर एक बससुद्धा चुकवू नये.

तुम्हाला माझे खरे वाटणार नाही, म्हणून एक करा. पलंगावर झोपून डोळे मिटा. मामीजींनी कापसाची वात घेऊन एकेका बोटाला हळूच लावावी. लागली की तुम्ही बोला.

दादा, या पोरीने रात्री जेवताना दोनदा विचारले की मामाजी कधी येतील. तू ये. तुझी माया माझ्यावर आहे, ती या वेळी ऐकण्यात दाखव.

तुझी,
सुलोचना

*

पिपरटोला
३० जुलै २००५

चि. सौ. सुलोचनाबाईस,
अ. उ. आ. नीतूचे पत्र वाचले. पोरगी हुशार आहे, अक्षरही छापल्यासारखे. पण बाई, रोवणा अर्ध्यावर टाकून कसा येऊ?

आणि खरे विचारशील तर माझा जीव दुसऱ्याच गोष्टीला भितो. आपल्या टेकचंदचे तुला ठाऊक आहे. बोट काळे पडले म्हणून शहरात गेला. गेला दोन पायांवर, आला एका पायावर. आता खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतो. त्याचे घर जवळ आले की मी दुसऱ्या गल्लीने वळतो, ही माझी लाज तुलाच सांगतो. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की तो तिथेच ठेवून यावा लागतो, असे मनात बसले आहे. इथे हळद लावतो, कापड बांधतो. रोवणा संपला की पाहू.

वातीचा पोरखेळ मी काही करणार नाही. सर्वांस आशीर्वाद. रागावू नकोस, रागातही लोभ राहू दे.

हुकुमचंद

सुलोचनाबाईंस सत्यभामाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिले, म्हणून खालच्या कोऱ्या जागेत लिहिते. माझे शिक्षण रात्रीच्या वर्गातले, चुका पोटात घाला.

करणार नाही म्हणाले, पण पत्र लिहून झाल्यावर आपणच पलंगावर आडवे झाले. मला म्हणाले, आण तुझी ती वात, एकदाचा त्या पोरीचा हट्ट पुरा कर. डोळे मिटले. मी करंगळीपासून सुरुवात केली. एक बोट, दुसरे, तिसरे. अंगठ्यालाही लावली. मग तळव्यावरून फिरवली. हे गप्प. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाले, लाव ना, काऊन थांबली?

मी म्हटले, पाचही झाली.

डोळे उघडून त्यांनी माझ्या हातातल्या वातीकडे पाहिले. मग म्हणाले, दुसऱ्या पायाला लाव. तिथे दोन बोटे ओळखली, तीन नाही. त्यानंतर जेवले नाहीत. मी कापड सोडून पाहिले तर जखमेच्या कडा पांढऱ्या झाल्या आहेत आणि वास आहे. पहाटे उठून मलाच विचारून राहिले की गोंदियाची पहिली बस कितीला. रोवणा मी आणि रूपेश पाहू. उद्या रूपेशसोबत पाठवते, हे पत्रही आता त्याच्याच हाती देते. त्यांना घरून जसे पाठवते तसेच परत द्या, एवढेच मागणे.

सत्यभामा

*

फुलचूर
१२ ऑगस्ट २००५

सौ. वहिनींस,
सुलोचनाचा सा. न. वि. वि. पहिली ओळ तुमच्यासाठी: पाय आहे. पाचही बोटांसकट आहे.

आता सावकाश वाचा. त्या दिवशी साखर तीनशे चाळीस निघाली. पायाच्या हाडाचा फोटो काढला. तो हातात येईपर्यंत दादा बाकावर बसून डोक्यावरचा पंखा पाहत होते. मी विचारले, काय पाहतोस? म्हणाले, याची पाती मोजून राहिलो, तीनच निघून राहिली. हाडापर्यंत लागण पोचली नव्हती. डॉक्टरांनी पायाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून नाडी पाहिली आणि म्हणाले की रक्त येते आहे, म्हणजे भरेल. आणखी दहा-बारा दिवस चिखलात गेले असते तर मात्र बोलणे वेगळे असते, हेही सांगितले.

मेलेले कातडे कापले तेव्हा दादांना काही कळले नाही. मला कळले, मी बाहेर जाऊन उभी राहिले. दर गुरुवारी नागपूरहून पायाचे खास डॉक्टर इथे येतात, नीतूने त्यांनाही दाखवले. दादा म्हणाले, दाताचा ऐकला, डोळ्याचा ऐकला, पायाचाही असतो का? त्यावर डॉक्टर म्हणाले, काका, दातावर उभे राहता येत नाही. तेव्हापासून दादांची त्यांच्यावर मर्जी बसली आहे. सुई घ्यायला कुरकुर करत नाहीत.

टेकचंदचीही गोष्ट दादांनी त्यांच्यापुढे काढली. त्यांनी विचारले, बोट काळे पडल्यावर किती दिवसांनी गेला? दादांनी बोटांवर हिशेब केला, दीड महिना निघाला. घरी येताना ऑटोत मला म्हणाले, सुली, आम्ही सगळे दवाखान्याला दोष देत बसलो.

आता कठीण भाग. जखम भरेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही. दोन महिने तरी. तेवढे दिवस त्यांना माझ्याकडेच राहू द्या, तिकडे ते एक दिवस बसणार नाहीत. इथेही खाटेवरून हुकूम सुटतात. वरणात चिंच जास्त, आमच्या मुलाची सायकल आडवी, पेपर उशिरा. शेजारच्या ईश्वरदासांशी बुद्धिबळ मांडतात आणि हरले की पायावर ढकलतात.

आम्हा सर्वांना जीव लावता, तसाच लावत राहा.

तुमची,
सुलोचना

*

पिपरटोला
४ डिसेंबर २००५

चि. सौ. सुलोचनाबाईस,
हुकुमचंदचे अ. उ. आ. तुझ्याकडून येऊन महिना झाला. जखमेच्या जागी आता गुलाबी कातडे आहे. नागपूरचे रुंद, मऊ तळाचे जोडे पायात आहेत. डॉक्टरची ताकीद तुला ठाऊक आहे: घरात, अंगणात, शेतात, अनवाणी एक पाऊल नाही. घरात चालले. रानातही चालले, शेजारच्या शेताचे केशोराव धुऱ्यावरून ओरडले की साहेब आला साहेब, तेही ऐकून घेतले.

अडले ते खळ्यावर. परवा धान चुरून रास लागली. तुला आठवते, खळ्यात जोडे घालून कोणी येत नाही. आपल्या बाबांनी एकदा तलाठ्यालाही बाहेर काढायला लावले होते. राशीची पूजा घरधन्याने करायची. मी सारवलेल्या जमिनीच्या कडेला उभा राहिलो. जोडे काढावे तर डॉक्टरचे तोंड दिसे, न काढावे तर बाबांचे. दोन मिनिटांनी काय होते, असेही मनात आले. वाकून पट्ट्याला हात घातला.

तुझी वहिनी सूप ठेवून आली. माझा हात बाजूला केला. तांब्यातले पाणी घेतले आणि माझे दोन्ही जोडे पायातच असताना वरून, खालून, बाजूने धुतले. पदराने पुसले. मी लाजेने मेलो, बाई. चाळीस वर्षांत तिने चारचौघांत माझे नाव घेतले नाही आणि इथे सगळा गाव पाहून राहिला होता. मग ती उठली आणि केशोरावांकडे पाहत म्हणाली, लक्ष्मीले घरात आणाचे तर आणनारा दोन पायांवर पाहिजे.

केशोरावांनी मिशी चाचपली. मग खाली वाकले, कुंकवाचे ताट उचलले आणि माझ्या हातात दिले. म्हणाले, चाल भाऊ, धान थंड होऊन राहिले.

मी आत गेलो. राशीला पाच फेरे घातले. रूपेश मागून सूप घेऊन होता.

एक गोष्ट नीतूला सांग, तिला खोटे सांगणार नाही. पायांना अजूनही काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले की गेलेले बहुतेक परत येत नाही, उरलेले सांभाळा. म्हणून रोज दिवाबत्ती झाली की मी पाय धुऊन पलंगावर पसरतो आणि तुझी वहिनी तळवे उजेडात धरते. बोटांच्या मधे पाहते, जोड्यात हात घालून खडा शोधते. काल गुलाबी कातड्यावर बोट टेकवून तिने विचारले की लागते का. मी नाही म्हणालो. म्हणाली, मले लागते ना, पुरे.

इथली खुशाली ही अशी आहे. तुझ्या घरच्या थोरामोठ्यांस नमस्कार, लेकरांस आशीर्वाद, आणि तुझा लोभ आम्हा दोघांना, चारही पायांना, पुरून उरो.

तुझा दादा,
हुकुमचंद