निवड तत्त्वावर, बटणांवर नाही

६ ऑक्टोबर, सोमवार
नागपूरहून हिमांशूचा फोन. यांचा भाचा. हे गेले तेव्हापासून 'बांधी' तोच सांभाळतो. जुन्या कम्प्युटरवर चालावं म्हणून यांनी मित्रांसोबत बनवलेलं हलकं लिनक्स, धानाच्या बांधीएवढं, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याएवढं लहान, म्हणून ते नाव. आता नवी आवृत्ती काढायची आहे. त्यात टाइप करायचं ऑफिस कोणतं ठेवायचं, लिब्रेऑफिस की अबीवर्ड, ते मी ठरवायचं. केशोरीच्या वाचनालयातल्या तिन्ही मशीन रोज वापरणारी मीच, म्हणाला. बरोबर आहे. शाळा चौथीत सुटली, पण वाचनालयाचं कपाट वाचून संपवलं आहे. कम्प्युटरचं मॅन्युअलसुद्धा.
पूर्ण निःपक्षपाती राहणार. आठवड्यात निकाल.

८ ऑक्टोबर
लिब्रेऑफिस उघडायला टाकलं आणि चहा ठेवला. चहा झाला, गाळला, प्यायले, कप विसळला. मग उघडलं. वेग समाधानकारक.
अबीवर्ड लगेच उघडलं. जरा घाईचं वाटलं.

११ ऑक्टोबर
जमुनाबाई बचत गटाचा ठराव टाइप करायला आल्या. अडचणी कळाव्यात म्हणून मुद्दाम अबीवर्डवर बसवलं. अडचण आली नाही. कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "हे तं चांगलं आहे ना वं, रुख्मा. मंग इतके दिवस त्या दुसऱ्यासमोर कायले बसवून ठेवलं आमाले?"
एका बाईच्या मतावर असे निर्णय होत नसतात.

१४ ऑक्टोबर
अबीवर्डचे दोष शोधायला बसले. सापडले नाहीत. चाचणी अपुरी.
लिब्रेऑफिसच्या बाजूने एक मुद्दा लिहिला होता. मी टाइप करायला शिकत होते तेव्हा यांनी माझ्या मशीनवर लिब्रेऑफिसच्या बटणांची नावं बदलून दिली. 'ठेव'. 'छाप'. आणि चुकलेलं मागे घ्यायचं ते 'जाऊ दे'. मी चुकून सगळं पान पुसलं की मागच्या खुर्चीवरून हेच म्हणायचे.
मुद्दा तांत्रिक नाही. खोडला.

१५ ऑक्टोबर
परत लिहिला. परत खोडला. निकालाचा आठवडा संपला, पण घाईत चुका होतात.

१८ ऑक्टोबर
हिमांशूला कारणं कळवली. तक्ते चांगले येतात, कुठलीही फाईल उघडते, शिवाय पुढचा विचार. तो म्हणाला, एवढ्याशा रॅमवर मशीन रडून राहिली, मामी. बाकीच्या सगळ्या वाचनालयांनी अबीवर्ड मागितलं आहे.
त्यांना विचारलं कोणी?

२५ ऑक्टोबर
दिवाळीनंतरची मंडईची जत्रा तोंडावर. नाटक समितीचे चैतरामभाऊ पत्रक करायला आले. बरी संधी होती, लिब्रेऑफिसवरच घेतलं. नटांची नावं टाकली, फोटो टाकला, मशीन अडकलं. भाऊंनी दोनदा बाहेर जाऊन तंबाखूचा खर्रा खाल्ला. शेवटी म्हणाले, "वहिनी, नाटक संपल्यावर निघन का हे?" आणि पत्रक करायला अर्जुनीला गेले.
विजेचा दाब कमी होता. दुसरं कारण दिसत नाही.

२९ ऑक्टोबर
हिमांशू थकला. मामाचं बांधी आहे, तुम्ही म्हणाल ते, म्हणाला. लिब्रेऑफिस ठरलं. अबीवर्ड काढून टाकणार, दोन्हींना जागा नाही. फोन ठेवताना त्याने विचारलं, "खरं सांगा मामी, त्या बटणांसाठी तर नाही ना?"
राग आला. म्हटलं, निवड तत्त्वावर केली आहे, बटणांवर नाही.

३ नोव्हेंबर
हिमांशू केशोरीला आला. मशीन पुसून नवं टाकायच्या आधी त्याने विचारलं, तुमच्या जुन्या सेटिंग जपून ठेवू का? जमुनाबाई ठराव घेऊन बसलेल्या. चैतरामभाऊ दारात. दोघंही माझ्याकडे पाहत होते.
मी म्हटलं, "सगळ्यांले जे, तेच मले. वेगळं काही नको."
त्याने परत विचारलं. मी चहा ठेवायला आत गेले.

४ नोव्हेंबर
सकाळी लिब्रेऑफिस उघडलं. 'जतन करा'. 'मुद्रण करा'. 'पूर्ववत करा'.
बाकीच्या दोन मशीनवरही पाहिलं. तिथे यांनी दिलेली नावं कधीच नव्हती, तरी पाहिलं.
प्रिंटरचं निमित्त काढून हिमांशूला फोन केला. त्याला कळलं. जुनं परत येत नाही, पण नावं तुम्ही स्वतः लिहू शकता मामी, सोपं आहे, म्हणाला. मला माहीत आहे, मॅन्युअल वाचलं आहे. पण मग ते मी म्हटलेलं होईल.
रिकाम्या पानावर 'पूर्ववत करा' दाबून पाहिलं. दबत नाही. नव्या फाईलीत ते करडंच असतं.
दुपारी जमुनाबाई आल्या. कालचा ठराव राहिला होता. ते लवकर उघडणारं लाव, म्हणाल्या. ते काढून टाकलं, सांगितलं. कोणी काढलं? मी. काऊन? यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर होतं. मी लिब्रेऑफिस परत उघडायला टाकलं. त्यांनी ठरावाचा कागद परत कमरेला खोचला. मग पदर सावरून मागच्या खुर्चीवर बसल्या.
"जाऊ दे वं," म्हणाल्या. "चहा ठेव."
ठेवला. दोघींचा पिऊन झाला. अजून उघडून राहिलं आहे.