खारूच्या मापाची खुर्ची

३ मे, शनिवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. एक मोठी खरेदी करायची आहे, आणि निर्णयामागची कारणं लिहून ठेवलेली बरी. पंप बनवणाऱ्या कंपनीच्या परचेसमध्ये उभं आयुष्य गेलं. भावनेच्या भरात साधा बोल्टसुद्धा घेतला नाही कधी.

वस्तू : गेमिंग चेअर, प्रीमियम. किंमत बघून आधी वाटलं, चुकून दुकानाचा फोन नंबर छापलाय. एवढ्यात फ्रिज येतो. आणि फ्रिजमध्ये निदान दूध तरी ठेवता येतं.

कोणासाठी : खारू. माझी लेक. लहानपणी खारीसारखी घरभर पळायची, तेव्हापासून खारूच.

कारण : काल तिच्या आईचा फोन. आम्ही वेगळे राहतो, त्या दोघी तिकडे, मी इकडे. भांडण वगैरे काही नाही. म्हणजे आता नाही. तर, खारूला दोन कॉलेजांत प्रवेश मिळतोय. एक इथलं, माझ्या घरापासून जवळ. दुसरं लांब, हॉस्टेलवालं. महिनाअखेरीला ती दोन दिवस माझ्याकडे येणार आणि मग ठरवणार.

खारू इथे राहायला हवी. मला फार हवी आहे. पण हे तिला सांगायचं नाही. धंद्यातला पहिला नियम : समोरच्याला आपली गरज दाखवायची नाही. गरज दिसली की सगळं हातातून जातं. आपण फक्त परिस्थिती अनुकूल करायची. म्हणून खुर्ची. तेरा वर्षांची असताना तिने मागितली होती. तेव्हा मी म्हटलं होतं, घरात चांगली लाकडी आहे.

४ मे, रविवार.

खारूशी व्हिडिओ कॉल. लोक म्हणतात चार वर्षांत मुलीला भेटला नाहीस. भेटलो नाही कसा? दर रविवारी भेटतो. प्रत्यक्ष जायचं दोनदा ठरलं होतं, एकदा इयर एंडिंग आलं, एकदा ऑडिट. मुद्दाम कोण करतं.

आडून आडून विचारलं, हल्ली गेम खेळतेस का. म्हणाली, वेळच मिळत नाही फारसा. बरोबर आहे. धड खुर्ची नसेल तर कोण खेळेल?

मग म्हणाली, बाबा, माझी खोली आहे का रे अजून? मी म्हणालो, आहे, सध्या त्यात खोकी आहेत. आवाज अगदी सपाट ठेवला. ती बरं म्हणाली. मला वाटतं जमलं.

६ मे, मंगळवार. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.

तीन कोटेशन काढली. पहिली खुर्ची साधी, बँकेत असते तशी. दुसरी मधली, हिला फार नखरे नाहीत. तिसरी प्रीमियम : कंबरेला आधार, मानेला उशी, हात चारी दिशांना फिरतात, पाठ पार आडवी होते. एका माणसाने लिहिलंय, या खुर्चीने माझं आयुष्य बदललं. दुसऱ्याने लिहिलंय, वर्षात रेक्झिन सोललं. दोघंही एकाच खुर्चीबद्दल. आयुष्य बदलल्यावर रेक्झिनचं काय एवढं.

ताईचा फोन. तिला खुर्चीचं सांगितलं तर म्हणाली, अरे शहाण्या, पोरीला सरळ विचार ना, राहतेस का माझ्याकडे म्हणून. फुकटात होईल. मी म्हणालो, ताई, तू कधी परचेसमध्ये काम केलेलं नाहीस. ती म्हणाली, नाही केलं, म्हणून माझी मुलं घरी येतात. फोन ठेवून दिला. सख्खी बहीण असली तरी काय काहीही ऐकून घ्यायचं?

९ मे, शुक्रवार.

शोरूममध्ये जाऊन ट्रायल घेतली. प्रीमियममध्ये बसलो. पाठ आडवी केली. फक्त यंत्रणा तपासायला डोळे मिटले. सेल्समनने खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा शोरूमचे अर्धे दिवे बंद झाले होते. चांगला माणूस आहे, पाणी दिलं.

या खुर्च्या तीन मापांत येतात म्हणे. स्मॉल, मीडियम, लार्ज. बसणाऱ्याची उंची किती, असं त्याने विचारलं. मी उठून उभा राहिलो आणि हात छातीशी धरून दाखवला : एवढी. माझ्या मिठीत आली की तिचं डोकं नेमकं इथे लागतं. सेल्समन म्हणाला, सर, एकदा घरी विचारून घ्या. मी म्हणालो, माझी मुलगी आहे, मला माहीत नाही? त्याने मुकाट्याने स्मॉल लिहिलं. ग्राहकाला ठाम राहता आलं पाहिजे.

खुर्ची अजून घेतलेली नाही. फक्त माप ठरलं.

११ मे, रविवार.

आज कॉल झाला नाही. खारू मैत्रिणींबरोबर बाहेर. हरकत नाही, मोकळा वेळ मिळाला, म्हणून खुर्ची परवडते का याचा हिशोब मांडला. ती कॉलेज संपेपर्यंत इथे राहिली तर रोजचा खर्च चहाच्या कपापेक्षा कमी पडतो. ती फक्त दोन दिवस बसली तर किती पडतो, हे काढलं नाही. ते गृहीतकच चुकीचं आहे.

दुपारभर फोन टेबलावर उताणा ठेवला होता. चार्जिंग बघायला.

१४ मे, बुधवार. सकाळ.

ठरलं. खुर्ची घ्यायची नाही. मुलीला वस्तूंची लालूच दाखवणारे बाप मला पहिल्यापासून आवडत नाहीत. ती येईल तर माझ्यासाठी येईल. लाकडी खुर्चीवर बसेल. कानाला खडा.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

घेतली. सेल आजच संपत होता.

१७ मे, शनिवार.

शोरूमवरून गेलो. सेल चालू आहे. मुदत वाढवली असणार.

२० मे, मंगळवार.

खुर्ची आली. जोडायला सोपी, असं खोक्यावर छापलंय. छापणाऱ्याने जोडलेली दिसत नाही. दोन स्क्रू उरले. उजवा हात उलटा बसला, तो आता दार उघडल्यासारखा बाहेर फिरतो. पण एकंदरीत काम फत्ते.

खारूच्या खोलीतली खोकी काढून माझ्या पलंगाखाली कोंबली. पलंग थोडा तिरका झालाय. खिडकीखाली खुर्ची ठेवली. लाल आणि काळी. नव्या रेक्झिनचा वास सगळ्या घरात. हात फिरवून बघितला, आणि तिथेच बराच वेळ उभा राहिलो. ऑफिसला उशीर झाला. साहेबांना सांगितलं, पाइप फुटला होता.

२३ मे, शुक्रवार.

उद्या येतेय. नियम करून ठेवतो. कॉलेजचा विषय आपण काढायचा नाही. तिने काढला तर तटस्थ राहायचं. स्टेशनवर रडायचं नाही. हॉस्टेलबद्दल वाईट बोलायचं नाही, नाहीतर कळेल. बाकी खुर्ची बघून घेईल.

२४ मे, शनिवार. संध्याकाळ. खारू अंघोळीला गेलीय.

स्टेशनवर पोरगी दिसेना. गर्दीत छातीएवढ्या उंचीवर नजर ठेवून मी सगळ्या फलाटावर शोधत होतो. एक उंच मुलगी सारखी मधे येत होती. मी तिला म्हणालो, जरा बाजूला व्हाल का? ती म्हणाली, बाबा.

गर्दीच फार होती. कोणालाही वेळ लागला असता.

तिने मिठी मारली तेव्हा तिला वाकावं लागलं. माझं डोकं तिच्या खांद्याला टेकलं. स्टेशनवर रडायचं नाही हा नियम मोडला, पण तिच्या पाठीमागे मोडला, त्यामुळे तिला दिसलं नाही.

घरी आल्यावर डोळे मिटायला लावून तिला खोलीत नेलं. खुर्चीभोवती ती एक फेरी मारून आली. मग म्हणाली, बाबा, ही माझ्यासाठी? मी म्हणालो, घरात एखादी असावी म्हणून घेतली. ती बसली. मानेची उशी तिच्या पाठीत गेली. कंबरेचा आधार कुठे गेला तो सांगता येत नाही. गुडघे वर आले. मी म्हणालो, सेटिंग असतं, आणि खालचा दांडा ओढला. खुर्ची होती तिथेच राहिली, कारण ती पूर्ण वर केलेलीच होती. खारू म्हणाली, छान आहे रे. खूप छान आहे. आणि तशीच घडी घालून बसून राहिली, मी पुरे म्हणेपर्यंत.

कंपनीच्या मापात गडबड आहे. लेखी कळवणार.

जेवताना तिनेच विषय काढला. इथलं कॉलेज जवळ आहे ना, बस मिळते का. मला लगेच हो म्हणायचं होतं. पण सावध राहिलो. म्हणालो, मिळते, पण हॉस्टेललाही फायदे असतात, माणूस स्वतंत्र होतो. ती ताटाकडे बघत होती. मी किती तटस्थ होतो, ते ताईने बघायला हवं होतं.

२५ मे, रविवार. खारूला सोडून आल्यावर.

दोन दिवस अपेक्षेपेक्षा छान गेले. मुद्दे असे.

ती दिवसभर स्वयंपाकघरातच होती. ओट्यावर चढून बसली आणि मी अंडी फेटताना बघत राहिली. मी दोनतीनदा म्हणालो, अगं, आत खुर्ची आहे. ती म्हणाली, इथे बरं वाटतंय.

तिने विचारलं, बाबा, एकटा कंटाळत नाहीस का? मी म्हणालो, छे, वेळच कुठे असतो. ती म्हणाली, म्हणजे कोणी असलं तर तुझी अडचण होईल. मी म्हणालो, तसं काही नाही, तुला सोयीचं असेल ते कर, माझा विचार करू नकोस. यापेक्षा समजूतदार बाप असू शकत नाही.

मग तिने मला तिचा जुना गेम फोनवर शिकवायला घेतला. आता तीही खेळत नाही, आठवून आठवून सांगत होती. मी दर मिनिटाला मरत होतो. ती हसली. चार वर्षांत हसताना आवाज मोठा झालाय तिचा, फोनवर तो एवढा कळत नाही.

गाडीच्या दारात उभी राहून म्हणाली, बाबा, तुला काही सांगायचंय का? आता बोललो तर सगळं बाहेर येईल, अशी भीती वाटली. मी म्हणालो, खुर्चीला पाच वर्षांची वॉरंटी आहे. ती बरं म्हणाली.

म्हणजे सांगायचं ते पोचलं. पाच वर्षं. हुशार आहे, समजेल.

२८ मे, बुधवार.

शोरूमला फोन केला. माप बदलून देतात. सेल्समन म्हणाला, या वेळी नक्की उंची सांगा सर. मला सांगता येईना. फलाटावर ती उंच होती एवढंच.

खारूच्या आईला फोन करून विचारलं. तिने क्षणात उंची सांगितली. चपलेचं माप न विचारता सांगितलं. मी म्हणालो, थॅंक्यू, लार्ज मागवतो. ती म्हणाली, मागवू नकोस. तिने हॉस्टेलचं नक्की केलंय.

मी म्हणालो, अरे वा.

ती म्हणाली, ती ठरवून आली होती तुझ्याकडे. इथून निघतानाच मला सांगून गेली होती, मी बाबाकडे राहणार. फक्त तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं तिला. दोन दिवस वाट बघितली. गाडीतून फोन करून रडत होती, आई, बाबाला मी नकोय गं, मी विचारलं तरी तो हॉस्टेलचे फायदे सांगतो.

मी म्हणालो, मी तिच्यासाठी खुर्ची घेतली होती. ती म्हणाली, हो, सांगितलं तिने. मग म्हणाली, फोन कर तिला.

इथे काहीतरी लिहायचं होतं. धंद्याचा नियम वगैरे. सुचत नाही. मला माझी मुलगी हवी होती आणि मी दोन दिवस तिच्यापासून ते लपवून ठेवलं.

१ जून, रविवार.

सकाळी ठरवलं. आज तटस्थ वगैरे काही नाही. कॉल लागला की पहिलं वाक्य तेच. आरशासमोर म्हणूनही बघितलं.

कॉल लागला. खारूचा चेहरा आला. मी तोंड उघडलं, तोवर ती म्हणाली, बाबा, हॉस्टेलची फी भरली आज, खोलीही मिळाली, दोघींत एक. तिचे डोळे सुजलेले वाटले, किंवा तिकडे उजेड कमी असेल. ती थांबली. बराच वेळ माझ्याकडे बघत थांबली.

मी म्हणालो, छान. उत्तम निर्णय.

ती म्हणाली, बरं, ठेवू मग?

ठेवल्यावर तिच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मोठ्याने म्हटलं, खारू, इथेच राहा. मग पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. म्हणायला काही अवघड नाही.