डबा रिकामा परत देत नसतात

कोथरूड, पुणे
रविवार, दुसरा चहा झाल्यावर

चिरंजीव केयूर यास आजीचा जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

मी हिरा, तुझ्या बापाची आई. ओळख मुद्दाम सांगते आहे, कारण हल्ली तुझ्या लक्षात काय राहतं आणि काय नाही याचा भरवसा उरलेला नाही. शाळेत होतास तेव्हा तू डबा वर्गात विसरायचास, आणि मी शिपायाशी चार गोड शब्द बोलून तो सोडवून आणायची, फाटकापाशी तुझ्या हातात द्यायची. मोठा झालास, इंजिनिअर झालास, तिकडे हॉलंडात त्या गावी जाऊन बसलास (आइंडहोवन. केयूर, या पत्रात कंसातलं सगळं माझं, कंसाबाहेरचं सगळं आजीचं. मी फक्त हात आहे. — आई), पण डबा विसरायची सवय काही गेली नाही. फरक एवढाच, की आता तू तो टेकडीवर विसरलास.

तुझी तब्येत बरी असेल असं समजते. थंडी असेल, कान बांधत जा, फॅशन कानाच्या आत नसते. तुझा बाप ठीक आहे, आई ठीक आहे, माझे गुडघे होते तिथेच आहेत. आता फोन सोडून पत्र का, तर फोन केला की तू 'आजी, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. मग मी बोलणं भरून पाठवते, ते तू दीडपट वेगाने ऐकतोस असं मला कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नकोस (मी). आता हे पत्र दीडपट वेगाने वाच बघू. तुझे आजोबा जन्मभर टपाल खात्यात होते, साऱ्या मुलखाची पत्रं त्यांनी पोचवली, मला मात्र एक लिहिलं नाही. म्हणायचे, वाचणार कोण? आज त्यांच्या बायकोचं पत्र समुद्रापलीकडे चाललं आहे, आणि तेही टपालाने नाही, समोरच्या इमारतीतल्या सौरभच्या बॅगेतून. तो तुझ्याच गावी नोकरीला लागला आहे, बुधवारी निघतो. त्याच्याबरोबर एक डबाही देते आहे. त्याचं शेवटी सांगते, आधी टेकडीवरच्या डब्याचं.

तुझा तो खेळ (जिओकॅशिंग) तू मला एकदाच समजावलास, विमानाच्या आदल्या सकाळी. टेकडीवर नेलंस, सिमेंटच्या बाकामागे झाडाच्या बुंध्याशी दगडांआड लपवलेला प्लॅस्टिकचा डबा दाखवलास. म्हणालास, याचा ठावठिकाणा फोनवर टाकलेला असतो, जगातला कोणीही येऊन शोधतो. सापडला की आतलं काही घ्यायचं, आपलं काही ठेवायचं आणि होता तसा लपवून जायचं. मी विचारलं, मग मिळतं काय? तू म्हणालास, मजा. मला पटलं. पगाराशिवाय माणसं एवढी टेकडी चढतात म्हणजे काहीतरी असणारच. जाताना 'लक्ष ठेव हं' म्हणालास आणि तिकडे पोचून विसरलास. मी विसरले नाही. मला लिहून ठेवता येत नाही ना, म्हणून लक्षात ठेवावं लागतं.

पुढच्याच आठवड्यात मी डबा उघडून बघितला. आत काय, तर किल्ली अडकवायची तुटकी कडी, अर्धं खोडरबर आणि बसचं तिकीट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परगावाहून माणूस येतो, चढून दमतो, शोधून डबा उघडतो आणि त्याच्या हाती खोडरबर? नाव कोणाचं जातं? आपल्या घराचं. आपल्या भंडाऱ्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत देत नसतात हे तुला आठवत असेल (नसेल). काही नसलं तर मूठभर तांदूळ, तेही नसले तर गुळाचा खडा, पण आत काहीतरी खुळखुळलं पाहिजे. पुण्यात आल्यापासून मी डबे रिकामे परत येताना पाहिले आहेत, घासलेलेसुद्धा नसतात. म्हटलं, निदान टेकडीवर तरी रीत राहू दे. तिळाचे लाडू ठेवले, जवसाची चटणी ठेवली आणि छोट्या बरणीत ठेचा. पहिला लाडू एका उंच, दाढीवाल्या गोऱ्या माणसाला मिळाला. मी बाकावर बसून बघत होते. लाडू खाऊन त्याने आभाळाकडे बघितलं. मग ठेचा खाल्ला, आणि मग फारच वेळ आभाळाकडे बघितलं.

पण गोडाला मुंग्या लागल्या. मुंग्यांमागून मुंगूस आलं. मुंगूस मुंग्या खातं की लाडू ते मला माहीत नाही, पण झाकणाला दात लागलेले मी या डोळ्यांनी पाहिले. मग मुंग्यांचा बंदोबस्त म्हणून मी ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून आत ठेवल्या. ही पुडी लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

दरम्यान लोकांनी सुरू केलं. लोक म्हणजे काय बाप्पा, डबा दिसला की घरातलं नको ते टाकायला जागा झाली. कोणी सिगारेटचा लायटर ठेवला, तोही ऐन उन्हाळ्यात, भोवती वाळलेलं गवत असताना; एक ठिणगी पडती तर टेकडी गेली असती आणि डबाही. कोणी चपट्या बाटलीत तळाला उरलेली दारू ठेवली. मला राग दारूचा आला नाही, उरलेली ठेवल्याचा आला. दुसऱ्याला उष्टं ठेवतात का? दिवाळीनंतर एक सुतळी बॉम्ब निघाला, दवाने भिजून मऊ पडलेला. एकदा चांगली धारदार सुरी होती, ती मी घरी आणली, कांदा फार सुरेख कापते (ही सुरी भिशीत मिळाली असं मला सांगण्यात आलं होतं). एकदा एक चकाकतं चौकोनी पाकीट निघालं, हे कसलं म्हणून तुझ्या आईला विचारलं तर ती उठून स्वयंपाकघरात गेली (कुकर झाला होता). आणि सगळ्यांत वाईट म्हणजे औषधाच्या गोळ्या. छोट्या, गुलाबी, अर्ध्या तोडलेल्या, रोज त्यात भर. कोण हा माणूस, स्वतःचं औषध पोटात घालायचं सोडून डब्यात टाकतो, लहान पोराच्या हाती पडलं तर काय होईल, एवढी अक्कल नको का (गुलाबी? अर्ध्या?)? नम्रता, तू लिही, मध्ये थांबू नकोस (थांबले नाही. लिहिते आहे).

तुझा नियम मात्र मी मोडला नाही. काही घ्यायचं तर काही ठेवायचं. म्हणून लायटर काढला तेव्हा पिशवीतल्या सेफ्टी पिना ठेवल्या, बाटली काढली तेव्हा गुडघ्याचं मलम. माणूस चढून येतो, त्याला खोडरबरापेक्षा मलम बरं.

आता दीनानाथ. तुला आठवतील, बँकेतून निवृत्त झालेले, टोपीवाले. ते टेकडीवर रोज येतात, पण टेकडी आवडते म्हणून नाही, टेकडीवर काय चुकतं आहे ते बघायला. कोणी कुठल्या झाडाखाली हसण्याचा व्यायाम करू नये हे तेच ठरवतात. त्यांना डबा सापडला. फोन नाही, नकाशा नाही, नुसत्या संशयाने सापडला. उघडला, पुडी सोडली आणि पांढरी गोळी पेपरमिंट समजून तोंडात टाकली. डांबराची गोळी थुंकायला माणसाला किती वेळ लागावा? दीनानाथांना जरा जास्त लागला, कारण चूक आपली असू शकते हे त्यांना सावकाश पटतं. घाबरू नकोस, डॉक्टरांनी तपासलं, चुळा भरायला लावल्या आणि घरी पाठवलं. तेव्हापासून त्यांच्या स्वेटरला कसर लागलेली नाही, असं त्यांची बायको मला हळूच म्हणाली.

पण त्यांनी खेळवाल्यांकडे तक्रार केली. मग आम्रपाली नावाची मुलगी पार मांजरी गावाहून स्कूटरवर आली. खेळणाऱ्यांपैकीच आहे, बिघडलेले डबे बघायला जाते. तिच्याबद्दल तुझ्या आईच्या मनात काही येण्याआधी सांगते, तिचं लग्न ठरलेलं आहे, मी विचारून घेतलं. तिने हातमोजे घातले, बाकावर वर्तमानपत्र पसरलं आणि डब्यातलं एकेक काढून मांडलं. लग्नातल्या रुखवतासारखं दिसत होतं सगळं, फक्त बघायला दीनानाथ उभे. तिने शांतपणे सांगितलं, की डब्यात खायचं चालत नाही, धारेचं चालत नाही, पेटणारं नाही, औषध नाही, दारू तर नाहीच. मग विचारलं, "आजी, याची काळजी कोण घेतं?"

मी म्हटलं, "मी."

"म्हणजे गोळ्या तुमच्या," दीनानाथ म्हणाले.

"पेपरमिंट आहे असं कुठे लिहिलं होतं का?"

"डांबर आहे असंही लिहिलं नव्हतं."

"मला लिहिता येत नाही. तुम्हाला वास घेता येत नाही का?"

आम्रपालीने तोंड फिरवून स्कूटरच्या किल्ल्या शोधल्या, किल्ल्या तिच्या हातातच होत्या. आपल्याला सांगून ठेवलं आहे, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. त्यातलं पहिलं माझं राहून गेलं, म्हणून उरलेली दोन मी नेटाने करते. टेकडीवरच्या बायका संघटित आहेत, दीनानाथांशी संघर्ष चालू आहे. पण नियमापुढे इलाज नाही. आम्रपाली म्हणाली, मूळ मालकाला फोनवर निरोप गेले, उत्तर नाही. या महिन्याअखेर त्याने तोंड उघडलं नाही तर डबा खेळातून बाद होईल आणि तिला तो उचलून न्यावा लागेल. मूळ मालक म्हणजे तू.

तेव्हा तुला फोन केला, तर तू काय म्हणालास? आठवण करून देते, कारण तुझ्या आईने फोन मोठ्या आवाजात ठेवला होता. म्हणालास, "अगं आजी, मी विसरलोच होतो तो डबा. बंद करून टाकू. गुडघे दुखतात तुझे, कशाला चढतेस?" बंद करून टाकू, जसं काही दुकान आहे. तुझ्याशी मी भांडले नाही, तुझी मीटिंग होती. आता सांगते कशाला चढते ते.

मी बाकावर बसते आणि शोधणाऱ्यांना बघते. शिकलीसवरलेली माणसं फोन हातात धरून त्या झाडाभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरतात, आणि मी, जिला बसची पाटी वाचता येत नाही, मला ठाऊक असतं कुठे आहे ते. मी मुद्दाम पलीकडच्या दगडाकडे बघत राहते, म्हणजे ती तिकडे जातात. शेवटी डबा सापडतो. सापडला की माणूस केवढाही असो, गोरा असो, दाढीवाला असो, तोंड तुझ्यासारखं होतं, शाळेच्या फाटकापाशी मी डबा हातात द्यायची तेव्हा व्हायचं तसं. ते तोंड बघायला मी चढते. तुझं बघायला मिळत नाही. फोनवर तू नुसतं कपाळ दाखवतोस.

आणखी काय लिहू. पोटभर जेव. सही म्हणून खाली माझा अंगठा आहे. घरात शाई निघाली नाही, म्हणून ठेच्यात बुडवून उठवला आहे. हात लावलास तर तो हात डोळ्याला लावू नकोस.

तुझी आजी,
हिरा

ता. क. कोथरूडात नातवंडं आजीच्या मागे लागतात, फ्लॅट नावावर कर म्हणून. आपल्याकडे उलटं. तू तो डबा माझ्या नावावर कर. आम्रपाली म्हणते तसं करता येतं, जुन्या मालकाने हो म्हणावं लागतं आणि नव्या मालकाचं खातं लागतं. खातं तिने काढून दिलं आहे. 'हिरा' नाव जगात कोणीतरी आधीच घेतलं होतं, म्हणून माझं नाव 'ठेचा' ठेवलं. फोन माझ्या अंगठ्याने उघडतो. जन्मभर अंगठेबहाद्दर म्हणून ऐकून घेतलं, आता सगळं जगच अंगठ्यावर आलं आहे, तर मला अडाणी कोण म्हणतं ते बघते. तू फक्त एकदा 'हो' दाब. महिना संपायच्या आत. विसरू नकोस.

ता. क. (हे माझं. आजी ठेच्याचा हात धुवायला गेली आहे. लायटर, बाटली, बॉम्ब, सुरी आणि पाकीट लोकांचं. बाकी सगळं आपल्या घरातलं. गुलाबी गोळी तिची रक्तदाबाची. मी रोज अर्धी तोडून कागदात बांधून देते, टेकडीवर पाणी पिताना घ्यायची म्हणून. 'गोळी गेली का?' विचारलं की 'गेली' म्हणते. खोटं बोलत नाही ती, जातच होती. मी भांडणार होते, पण वर ते फाटकापाशी डबा द्यायचं लिहिताना राहून गेलं. केयूर, तू 'हो' दाब. डबा गेला तर ती घरी बसेल, आणि दिवसभर घरी बसलेली आजी तुझ्या बाबांना आणि मला झेपणार नाही. उद्यापासून गोळी माझ्यासमोर घ्यायची, मगच टेकडी. — आई)

ता. क. वर तुझ्या आईने काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही. नाही तर नाही, मला तिचं तोंड वाचता येतं. आजची गोळी तिच्यासमोर घेतली. कडू आहे. ज्याने कोणी ती डब्यात टाकली त्याचं अगदीच चुकलं असं मला आता वाटत नाही.

ता. क. सौरभबरोबर दिलेल्या स्टीलच्या डब्यात लाडू आणि जवसाची चटणी आहे. डब्यावर माझं नाव कोरलेलं आहे, तुला वाचता येतं, तेव्हा तो माझा आहे हे विसरू नकोस. रिकामा परत पाठवायचा नाही. त्यात ती तिकडची मध्ये पाक भरलेली गोल बिस्किटं घाल, दोन थर, मध्ये कागद. वर दीनानाथांसाठी पेपरमिंट, खऱ्या. यातलं काही टेकडीवर ठेवणार नाही, आम्रपालीला शब्द दिला आहे. डबा स्वतः घेऊन येणार असशील तर रिकामा आणलास तरी चालेल. चीज मात्र दोन्ही वेळी नको.