घड्याळजींना गटातून काढलं तेव्हा

११ जानेवारी

नवी आवृत्ती आली आणि गटातले सगळे लॅपटॉप कुंभकर्ण झाले. झाकण लावलं की झोपतात, उघडलं की उठत नाहीत. नुसता काळा पडदा. दुपारपर्यंत चौदा जणांच्या तक्रारी.

ताई म्हणाली, "तुझ्या त्या माणसांनी सरळ नवे लॅपटॉप घ्यावेत की."

तिला कितीदा सांगितलं – बारा वर्षांचं मॉडेल आहे, कंपनीने केव्हाच हात वर केलेत. त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून आम्ही दोन-अडीचशे जण ते चालवतो, एकमेकांच्या आधाराने. कुणी निवृत्त, कुणी शिकणारे, एक अख्खी शाळा.

"आणि एक कवळी," ताई म्हणाली. हे माझं गटातलं नाव. दिवसभर लॅबमध्ये दातांच्या कवळ्या करते, दुसरं काय नाव सुचणार?

संध्याकाळी गटातल्या जुन्या मदतनिसांचा, घड्याळजींचा, उपाय आला. एका ओळीचा. खाली नेहमीसारखं – "पन्नास वेळा झाकण लावून उघडून पाहिलं. पन्नासही वेळा उठला."

१२ जानेवारी

माझाही उठला.

२६ जानेवारी

लॅबमध्ये आज एक कवळी तिसऱ्यांदा परत आली. म्हातारीचं म्हणणं, "ही माझी नाही, ही दुसऱ्याच कुणाची तरी हसते." चौथ्यांदा मेणावर पुन्हा बसवली. चिकाटीची सवय मला घड्याळजींनी लावली. नऊ वर्षांपूर्वी माझ्या लॅपटॉपला वायफाय सापडत नव्हतं, तेव्हा या अनोळखी माणसाने तीन संध्याकाळी फोनवर माझ्याशी खटपट केली. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, कॉम्प्युटर साठीनंतर शिकलेले. एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी वायफाय लागलं तर म्हणाले, "आता पुढच्याला तुम्ही सांगायचं." तशी मी मदतनीस झाले.

१७ फेब्रुवारी

घड्याळजींनी एकाच प्रश्नाला दोनदा उत्तर दिलं. सकाळी एक, दुपारी तेच. कुणीतरी हसण्याचं चिन्ह टाकलं.

२४ फेब्रुवारी

आज त्यांचा फोन – बॅटरीच्या पानावर एक ओळ घालायची आहे. तासाभराने पुन्हा फोन, तीच ओळ. मी म्हटलं, "आत्ताच सांगितलंत." ते म्हणाले, "हो का? बरं."

कारकुनाला सांगितलं. गटाचं सगळं यंत्र हा चालवतो. खरोखरीच कुठल्याशा कचेरीत कारकून आहे. तो म्हणाला, "वय झालं त्यांचं. कधीतरी बोलावं लागेल." मी म्हटलं, बोलू.

खरं लिहायचं तर – हे पान कुणी वाचणार नाही – मला जरा बरंही वाटलं. लोक अजून आधी त्यांनाच विचारतात. मी उत्तर दिलेलं असलं तरी म्हणतात, घड्याळजी काय म्हणतात ते बघू.

३ एप्रिल

फार वाईट झालं.

गटात एक नर्स आहे, 'रात्रपाळी' नावाने लिहिते. गरीब स्वभावाची, प्रश्न विचारताना दहा वेळा माफी मागणारी. तिला पेन ड्राइव्हवर नवी आवृत्ती उतरवून घ्यायची होती. काल संध्याकाळी घड्याळजींनी तिला आज्ञा लिहून दिली. तिने ती जशीच्या तशी चालवली आणि लॅपटॉपची आतली डिस्कच पुसली गेली. सगळी.

आमच्या मॉडेलच्या दोन जाती आहेत – कार्डाची खाच असलेली आणि नसलेली. बिनखाचवाल्यात पेन ड्राइव्ह दुसऱ्या क्रमांकावर दिसतो. खाचवाल्यात तो तिसरा, आणि दुसऱ्यावर असते मशीनची स्वतःची डिस्क. नर्सचा लॅपटॉप खाचवाला. घड्याळजींनी 'दोन' लिहिलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आमचं मदतीचं पान उघडून पाहिलं. तिथे स्पष्ट आहे – खाचवाले, तीन. हा फरक कधी काळी शोधला तोही त्यांनीच.

डिस्कवर तिच्या वडिलांचा आवाज होता. दोन वर्षं ती त्यांना बोलतं करून ध्वनिमुद्रण करत होती – लहानपण, नोकरी, तिची आई. चाळीस तास. मग त्यांना झटका आला आणि वाचा गेली. आता ते खाटेवर बसून तिच्याकडे बघत राहतात. दुसरी प्रत तिने केली नव्हती. तीच प्रत करता यावी म्हणून लॅपटॉप नीट करून घेत होती.

तिने गटात एवढंच लिहिलं – "माझंच काहीतरी चुकलं असेल."

त्याखाली घड्याळजी: "नाही. तुमचं काही चुकलं नाही."

५ एप्रिल

गटात दोन तट. एक म्हणतो, माणूस आहे, चुकतो. दुसरा म्हणतो, आज डिस्क गेली, उद्या शाळेचे तीस लॅपटॉप जातील. कारकुनाचा फोन – "तुम्हीच जा. तुमचं ऐकतील."

९ एप्रिल

गेले घड्याळजींकडे. नऊ वर्षांत दुसऱ्यांदा. बस बदलून जावं लागतं, तिसऱ्या मजल्यावर खोली. दुकान मोडलं तेव्हा तिथलं टेबल घरी आणलंय, खिडकीपाशी ठेवलंय. त्यावर चिमटे, भिंग, आणि मध्ये लॅपटॉप. झाकणाचा रंग बोटांच्या जागी पार उडालेला.

"बसा, कवळीबाई."

बसले. चहा त्यांनीच केला. मी घरून चार वाक्यं ठरवून गेले होते, एकही आठवेना.

म्हटलं, "तुम्ही तीनच्या जागी दोन लिहिलंत."

"हो. दोन लिहिलं."

"पानावर तीन आहे."

"आहे. पाहिलं मी."

"मग असं कसं झालं?"

ते कपाची कड पुसत बसले. मग म्हणाले, "वय झालं, बाई."

मी दोनदा दिलेल्या उत्तराचं काढलं, दोनदा केलेल्या फोनचं काढलं. ते मान हलवत ऐकत होते. एकदा डॉक्टरांना दाखवा, म्हटलं. "दाखवतो." आणि मदतनीस म्हणून जे अधिकार आहेत ते आता – माझं वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनीच पुरं केलं. "काढून घ्या. पण तुम्ही काढा, कारकुनाला नका सांगू. त्याचा हात जड आहे."

मी निघताना त्यांनी एकच मागितलं. "रात्रपाळीची ती डिस्क मला मिळवून द्या. तिला म्हणावं, मशीन चालू करू नकोस, आणखी काही लिहिलं जायला नको."

जिना उतरले. वाटलं, सुटले एकदाची. मग स्वतःचीच लाज वाटली.

१० एप्रिल

अधिकार काढले. एका चौकटीतली खूण पुसायची, बस. गटात सूचना लावली – 'प्रकृतीच्या कारणाने घड्याळजी यापुढे मदत करणार नाहीत.' कारकून म्हणाला, जुन्या उत्तरांचं काय? चार हजारांवर उत्तरं आहेत त्यांची. प्रत्येकावर आपोआप एक पट्टी लागेल असं केलं – 'हा सल्ला तपासून घ्यावा.' पट्टीचे शब्द माझे.

ताई म्हणाली, "नऊ वर्षं ज्याचं नाव घेत होतीस, त्याच्या कपाळावर पट्टी चिकटवलीस?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, "बरोबर आहे. मला नाही कळायचं."

२ मे

घड्याळजींनी नर्सची डिस्क तीन आठवडे चाळली. पुसलेल्या जागेतून जे सापडेल ते तुकडा तुकडा वेचायचं काम. डोळे दुखतील असं. आज तिने गटात लिहिलं – अकरा मिनिटं मिळाली. चाळीस तासांतली अकरा मिनिटं. तीही सलग नाहीत. एका तुकड्यात वडील म्हणतात, "खिडकी लाव गं, बाहेरचा आवाज येतोय." मग पावलं, मग खिडकी लागल्याचा आवाज.

तिने लिहिलं, "मी हे बाबांना ऐकवलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं."

घड्याळजींचे आभार मानले. खाली कुणी काही लिहिलं नाही. मीही नाही.

१३ मे

प्रश्न आता थेट माझ्याकडे येतात. दिवसाला वीस. लॅबमध्ये पॉलिशच्या चाकाशी बसले तरी फोन खिशात थरथरत असतो. आज पुन्हा नवी आवृत्ती आली. झाकण किती वेळा तपासावं? मी पाच वेळा तपासलं आणि ठीक म्हणून लिहिलं.

१५ मे

सहाव्या वेळी नाही उठला. नऊ जणांचे लॅपटॉप अडकले. दिवसभर उपाय सापडेना. घड्याळजींना फोन करावासा वाटला. कुठल्या तोंडाने करणार?

१७ मे

केला फोन. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. वर म्हणाले, "तुमच्याच नावाने टाका."

टाकलं. सगळ्यांनी मला शाबासकी दिली.

२२ जून

कारकुनाचा निरोप. घड्याळजी काल सकाळी गेले. खुर्चीतच. हृदय.

२३ जून

अंत्यविधीला गटातले सहा जण आले होते. आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच पाहत होतो. टोपणनावं सांगत ओळख करून द्यावी लागली, अशा ठिकाणी. "मी कारकून." "मी कवळी." एक बाई मागे एकटीच उभी होती, रात्रभर जागलेले डोळे. जवळ येऊन म्हणाली, "मी रात्रपाळी." मग माझा हात धरला आणि म्हणाली, "त्यांना फार लागलं असेल ना? मला कधीच राग आला नव्हता त्यांचा. हे सांगायचं राहून गेलं."

मी म्हटलं, "त्यांना कळलं असेल."

काय कळलं असेल, काय नाही. तोंडात आलं ते बोलले.

६ जुलै

घड्याळजींची मुलगी घरी आली. माझ्याच वयाची, परगावी असते. हातात त्यांचा लॅपटॉप. "बाबांनी लिहून ठेवलं होतं, हा कवळीबाईंना द्या. मला वाटलं एखाद्या लहान मुलीचं नाव असेल." ती हसली, मग डोळे पुसले. ताईने तिला पाणी दिलं, जवळ बसवून घेतलं.

मी म्हटलं, "शेवटी शेवटी त्यांचं विसरणं फार वाढलं होतं का?"

ती म्हणाली, "कसलं विसरणं?"

मी सांगितलं – दोनदा फोन, दोनदा उत्तरं.

"हो, ते होतंच की. पंच्याहत्तरीला कोण नाही विसरत? पण तुम्ही सांगितलंत म्हणून ते एप्रिलमध्ये मोठ्या डॉक्टरांकडे गेले. मीच नेलं होतं. दोन दिवस तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे, आजार वगैरे काही नाही. मी म्हटलं, मग गटात कळवा ना हे, परत घेतील तुम्हाला. तर म्हणाले, नको."

"का नको?"

"मीही हेच विचारलं. म्हणाले, 'दोघांपैकी एकाला जावंच लागणार होतं. तिला अजून खूप वर्षं काम करायचंय.' कुणाबद्दल बोलत होते ते मला काही कळलं नाही. तुम्हाला माहीत आहे?"

मी नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

ती गेल्यावर ताई म्हणाली, "तुझा चेहरा असा का झालाय?"

७ जुलै

लॅबला गेले नाही. मदतीच्या त्या पानाचा इतिहास उघडला. कोणी, केव्हा, काय बदललं, सगळं तिथे असतं. आजवर बघायची गरज वाटली नव्हती.

१९ मार्च, दुपारी १.१०. 'तक्ता नीटनेटका केला.' – कवळी. खाचवाले आणि बिनखाचवाले, दोन्ही रकान्यांची शीर्षकं उलटी पडलेली. पुढचे पंधरा दिवस पान तसंच. घड्याळजींनी त्यावरूनच 'दोन' उतरवून दिलं होतं.

३ एप्रिल, सकाळी ६.५०. शीर्षकं पुन्हा जागच्या जागी. – घड्याळजी. कारण लिहायची जागा कोरी.

ताईला वाचून दाखवलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

नर्सला लिहायला घेतलं. चार वेळा खोडलं. शेवटी एकच ओळ ठेवली, आणि ती गटात सगळ्यांना दिसेल अशी टाकली – तुमची डिस्क घड्याळजींनी पुसली नाही, मी पुसली.