मितेशच्या वाट्याला अळंबीच्या बाटल्या

मी, कुमारी हिरा देवजी निमसे, वय ७४, निवृत्त परिचारिका, राहणार खर्डी, तालुका शहापूर, कोणाच्याही दबावाखाली आणि कोणत्याही कॅप्सूलच्या प्रभावाखाली नसताना, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. अक्षर माझेच आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेले आहे.

१. माझ्या भावाचा मुलगा मितेश मुरबाडला औषधी अळंबीच्या कॅप्सूल विकतो. मलाही आणून दिल्या. "आत्या, रोज दोन घे गो, मेंदू एकदम फास्ट होतो." बाटलीवर 'स्मरणशक्तीस साहाय्यक' मोठ्या अक्षरात, 'हे औषध नाही' मुंगीच्या अक्षरात. मी विचारले, कोणत्या म्हाताऱ्यांना दिल्या, किती दिवस, आणि न घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे काय बरे झाले? म्हणाला, "तू लय संशयी हाएस." आहेच. जन्मभर औषधाची बाटली उजेडात धरून वाचल्याशिवाय मी कोणाला सुई टोचलेली नाही.

अळंबीशी माझे वैर नाही. पावसाळ्यात शेजारच्या उंबरमाळी गावच्या बायका आणतात ती मी मसाला घालून आवडीने खाते आणि तिला भाजी म्हणते.

२. माझ्या वाढदिवसाला त्याने माझ्याकडून पाढे म्हणवून घेतले आणि चित्रफीत मोबाईलवर गावभर पाठवली: "आमची आत्या घरचा रस्ता विसरायची. कॅप्सूल घेतल्या, आता बघा!" तेव्हापासून दामू रिक्षावाला विचारतो, "बाय, घर आठवतंय ना? का दारापर्यंत सोडू?" पाठोपाठ मितेशचा प्रेमळ सल्ला आला, "तुझ्या डोक्याचा भरवसा नाय, घर आताच माझ्या नावावर कर."

३. हे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते बँकेतील ठेवीसह माझ्या बहिणीची मुलगी स्नेहल हिला द्यावे. चित्रफीत पाहून सगळे माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले. स्नेहल मात्र पूर्वीसारखीच भांडते. परवा म्हणाली, "मावशी, तू चुकतेस, आणि तुला ते कळतंय!" घरात असे माणूस राहावे.

४. मितेशला सगळ्या बाटल्या द्याव्यात. एकीचेही सील मी तोडलेले नाही.

५. मी वेडी होते असे सांगून तो कोर्टात गेल्यास न्यायाधीशांना त्याचीच चित्रफीत दाखवावी. आत्याचे डोके ठिकाणावर होते हे तरी त्याने कबूल करावे, किंवा कॅप्सूलचा उपयोग होत नाही हे तरी. ठरवताना आपण काय बोललो होतो ते आठवेना, तर बाटल्या त्याच्याजवळ आहेतच.

सही: हिरा देवजी निमसे
स्थळ: खर्डी, जि. ठाणे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमोर, स्वतः वाचून सही केली:
१. डॉ. संदेश पष्टे (तपासले, बुद्धी शाबूत, जीभही)
२. दामू भोईर, रिक्षाचालक (यापुढे 'घर आठवतंय ना' असे विचारणार नाही)