राक्षसाले टोपी-टॉवेल, भाग दुसरा

वडनेर भोलजी

छायाताई, तुले अविनाशचा वाकून नमस्कार. भाऊजीले आणखी थोडं खाली वाकून (काऊन ते पुढं कळन). आईचे गुडघे सोडले तं इकडं सारे खुशाल. तुमच्या देऊळगाव राजाकडची खुशाली कळव.

तू यंदाही गणपतीले आली नाही, अन् वरून विचारतेस, आमचे हे तुह्या नाटकातून हसत काऊन आले? फोनवर तू मले बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी माह्या अवकाश-नाटकाचा पहिला भाग झाला, तवा अर्धी पृथ्वी जळाली अन् शेजारच्या रुखमाकाकू त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसरा भाग त्याच्याहून भयंकर लिहिला होता. परग्रहावरचा राक्षस यानातून उतरते, अन् कप्तान (आपला चुलतभाऊ कडूबा) त्याले गोळी घालते. अंगाले हिरवा रंग फासायले कोणी तयार होईना, म्हणून गणपतीले एकटेच आलेल्या भाऊजीले उभं केलं. इथंच माही अक्कल चरायले गेली. जवायाले राक्षस करावं, पण त्याच्याच सासुरवाडीत?

भाऊजी धुरातून गर्जत उतरले. बाया-मंडळी थरथरली, मी पडद्यामागं खूष. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबा उठले. आपल्यात जवाई दारी आला तं टोपी-टॉवेल केल्याशिवाय राहतात का? थेट स्टेजवर चढून त्यांनी राक्षसाले टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ देला. राक्षस त्यांच्या पाया पडला! कडूबानं बंदूक खाली ठेवली. म्हणे, घरच्या जवायावर गोळी घातली तं पाप लागन. अन् चहा मागवला. लोक हसून हसून एकमेकाच्या अंगावर पडले.

मले रडू आलं, ताई. वर्षभर लिहिलं होतं वं! पण सकाळीच रुखमाकाकू दारात, तो हिरवा पुन्हा कधी येते म्हणून विचारत. (पहिल्या भागानंतर त्या माह्याशी बोलत नव्हत्या.) मंग वाटलं, दुसरा भाग पहिल्यासारखाच असावा असं कुठं लिहून ठेवलं? एकाच मायचे आपण दोघं. तू अशी भांडकुदळ, मी असा गरीब. भेव झालं, हसू झालं, आता तिसरा मायेचा करतो. राक्षस परत जायले निघते, अन् गाव त्याले जाऊ देत नाही. गणपती मंडळ तयार आहे, पण राक्षस तोच पाहिजे म्हणते.

तुहा,
अविनाश

ता. क. : तवा दिवाळीनंतर भाऊजीले तालमीले पाठव. ते नाही तं तिसरा भाग नाही. या खेपेले धुतल्यावर निघणारा रंग आणतो.

आणखी ता. क. : पत्र आईले वाचून दाखवलं. ती म्हणते, नाटक गेलं चुलीत. राक्षस दुसऱ्या भागात आला, माही पोरगी कोणत्या भागात येते? लवकर कळव, तसं लिहितो.