बुरुल आजीचा शिर्दाक

बिश्केक, ४ सप्टेंबर

ती. कनिशाय एजे हीस धाकट्या भावाचा, एसेनकुलचा सा. न. वि. वि.

फोनवर तू वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. बेगाइमच्या रुखवतासाठी लोकरीच्या नमद्याचा शिवलेला गालिचा, शिर्दाक, घेतला. तुझ्याकडे मागितला नाही म्हणून रागावू नकोस. तू भावाकडून पैसे घेत नाहीस, आणि आमच्या कन्येची प्रतिज्ञा अशी, की लोकर इथली हवी, शिवण हातची हवी, आणि शिवणारीला पुरतं मोल मिळालेलं हवं. नाहीतर गालिचा सासरी नेणार नाही.

सहा दुकानं पालथी घातली. पाचांत यंत्रावरचा माल, वर ‘अस्सल किर्गिझ’ अशी चिठ्ठी. सहावा दुकानदार म्हणाला, की हा ऐंशी वर्षांच्या बुरुल आजीनं गाणी म्हणत शिवलाय आणि निम्मे पैसे थेट तिच्या हातात पडतात. मी पडलो संस्कृतचा मास्तर. आप्तवाक्य प्रमाण मानून मोकळा झालो. फोटो सोबत आहे.

लोभ आहेच, तो वाळवून का होईना, टिकव.

एसेनकुल

आत-बाशी, ९ सप्टेंबर

चि. एसेनकुल यास अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

फोटो पाहिला. तांबड्यावर निळी मेंढ्याची शिंगं, डाव्या कोपऱ्यातलं एक उलटं वळलेलं. माझ्या भिंतीवर निळ्यावर तांबडी शिंगं आहेत, आणि तेच शिंग उलटं! अरे पंडिता, दोन नमदे एकावर एक ठेवून एकदमच कापतात, नि तुकडे अदलून दोन शिर्दाक होतात, हे नमद्यावर रांगलेल्या तुला मी सांगायचं? चूकसुद्धा जुळीच जन्मते. शब्दाला भुललास, प्रत्यक्ष समोर पसरलेलं असून.

बुरुल आजी ती मीच. वय बावन्न. माझ्या गाण्याला तू लहानपणी कान झाकायचास. फोटोत किमतीची चिठ्ठी दिसते; तू मोजलेस त्याचा सहावा हिस्सा मला मिळाला. आम्ही आठजणी त्या दुकानदारालाच माल देतो, कारण शहरात दुसरं ओळखीचं कोणी नाही. एक भाऊ आहे, तो गिऱ्हाईक निघाला.

कळावे, कळत असल्यास.

कनिशाय

बिश्केक, १३ सप्टेंबर

ती. एजे, सा. न. वि. वि.

लाजलो. पण अनर्थ पुढेच आहे. विहीणबाईंना मी बुरुल आजीची कथा आधीच ऐकवली, थोडी अलंकार घालून. त्या गहिवरल्या, लग्नात आजीला मानाच्या जागी बसवून आशीर्वाद घ्यायचा म्हणतात. आणि खरं कळलं तर बेगाइम गालिचा परत करील. तेव्हा पांढरा रुमाल बांधून, काठी टेकत, एक दिवस आजी हो. गाऊ नकोस.

कृपा असो, नसली तरी ये.

एसेनकुल

आत-बाशी, १८ सप्टेंबर

चि. एसेनकुल यास आशीर्वाद, चापट उधार.

येते, पण आत्या म्हणून. मानाच्या जागेवर माझा हक्क तसाही आहेच. आजी होऊन बसले, तर मोल गेलंच होतं, नावही जाईल. म्हणून बेगाइमला मीच सगळं कळवलं. ती रागावली, शिर्दाकवर नव्हे, तुझ्यावर. गालिचा नेते म्हणाली, पण उरलेलं मोल बापानं आत्याच्या हातात ठेवल्यावर. या खेपेस मी घेणार आहे, हातही मागे घेणार नाही.

तिनंच विहीणबाईंना सांगून टाकलं. त्यांचा मला फोन आला. आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, की मधल्या माणसाला वगळून तशीच जोडी करून द्या, आठही जणींनी मिळून, आणि किंमत तुम्हीच बोला. जन्मात कोणी विचारलं नव्हतं रे. जीव मुठीत धरून आकडा बोलले.

त्यांनी घासाघीस केली नाही. तेव्हापासून वाटतंय, कमीच सांगितला.

तुझी बावन्न वर्षांचीच,
कनिशाय